हिवाळी हिमालय: हिमस्खलनाचा धोका कसा ओळखायचा? (गुलमर्ग, केदारकंठा, रुपिन)

कातळवाट

सह्याद्रीत तयार झालेले पाय हिमालयात बर्फावर जातात तेव्हा एक सवय सोबत नेतात: नाळ (कड्यातली अरुंद घळ) दिसली की नाळेतून चढायचं. सह्याद्रीत ते बरोबरच आहे, कड्यातून वर जायला बहुतेक वेळा तीच एक वाट असते. बर्फात मात्र दोन्ही बाजूंच्या उतारांवरून सुटलेला बर्फ त्याच नाळेत येऊन साचतो. उघड्या उतारावर पसरला असता तर अर्धा मीटर झाला असता, तोच बर्फ नाळेत तीन-चार मीटर होतो.

दर डिसेंबरात "केदारकंठा सेफ आहे का?" असे धागे निघतात आणि "गाइडला विचारा" इथे थांबतात. गाइडला विचाराच, पण काय विचारायचं हेही माहीत हवं. म्हणून या धाग्यात नेमकं लिहू या.

माणसं मारणारी बहुतेक हिमस्खलनं स्लॅबची असतात. घरावरच्या स्लॅबसारखाच एकसंध, घट्ट थर वर आणि त्याच्या खाली ठिसूळ, भुसभुशीत थर. माणसाच्या वजनाने खालचा थर एका जागी बसतो, तडा सेकंदात आडवा पळतो आणि वरची अख्खी लादी सुटते. तडा बहुधा पायाखाली नाही, तुमच्या वर पडतो, म्हणून बाजूला उडी मारायला वेळ मिळत नाही. आणि सापडलेल्यांपैकी दहातल्या नऊ वेळा स्लॅब सोडवणारा त्याच गटातला कोणीतरी असतो. म्हणजे निर्णय बराचसा आपल्याच हातात आहे.

उताराचा कोन हा पहिला प्रश्न. ३० ते ४५ अंशांत स्लॅब सुटते, ३८च्या आसपास सर्वांत जास्त. ३०च्या खाली क्वचित. ५५च्या वर बर्फ साचतच नाही, थोडाथोडा घसरत राहतो. अडचण अशी की चढायला आणि स्कीला जो उतार 'मस्त' वाटतो तो नेमका ३५ ते ४० अंशांचा असतो.

टोपोनकाशा

कोन डोळ्याने मापू नका. खालून पाहिलं की उतार सौम्य वाटतो, वरून पाहिलं की तीव्र. दोन्ही अंदाज पाच-सात अंशांनी चुकतात, आणि २८ व ३५ यांतच सगळा फरक आहे.

घरी, नकाशावर: १:५०,००० चा नकाशा आणि ४० मीटरच्या समोच्च रेषा असतील तर लागोपाठ पाच अंतरं (सहा रेषा) पट्टीने मोजा. ती ७ मिलिमीटरच्या आत बसली तर उतार ३० अंशांहून तीव्र. गणित सरळ आहे: २०० मीटर चढ ३० अंशांवर सुमारे ३४६ मीटर आडव्या अंतरात होतो, नकाशावर ते ६.९ मिमी.

अ‍ॅपमधली उताराची रंगछटा वापरा, पण तिच्यावर विसंबू नका. आपल्याकडच्या हिमालयासाठी मोफत मिळणारी उंचीची माहिती साधारण ३० मीटरच्या चौकटींची असते. १५ मीटर उंच, ४० अंशांचा उंचवटा त्या चौकटीत सपाट होऊन जातो. रंग हिरवा दिसतो आणि जागेवर गेल्यावर माणूस पुरायला पुरेसा उतार समोर उभा असतो.

जागेवर, दोन काठ्यांनी: दोन्ही ट्रेकिंग पोल सारख्या लांबीचे करा, समजा १२० सेंमी. एक पोल उतारावर सरळ वर-खाली अशा रेषेत बर्फावर झोपवून दाबा आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या खुणा करा. मग तोच पोल खालच्या खुणेवर ओळंब्यात उभा धरा. दुसऱ्या पोलची मूठ उभ्या पोलच्या माथ्याला लावा आणि त्याचं टोक वरच्या बाजूला उतारावर टेकवा. टोक बरोबर वरच्या खुणेवर आलं तर उतार ३० अंश. खुणेच्या वर टेकलं तर ३०पेक्षा तीव्र, खाली टेकलं तर सौम्य. १२० सेंमीच्या पोलला साधारण १० सेंमी फरक म्हणजे ३ अंश. एक मिनिटाचं काम. हातमोजे काढावे लागत नाहीत, फोनची बॅटरी थंडीने गेली तरी अडत नाही. मात्र हे मोजमाप संशयित उताराच्या मध्यावर जाऊन करायचं नाही. त्याच्या कडेला, तशाच कोनाच्या छोट्या तुकड्यावर करायचं.

वाटसरू_ठाणे

छान माहिती. एक शंका: आपण स्वतः २० अंशांच्या सपाटीसारख्या भागावरून चाललो, तर वरचा उतार कितीही तीव्र असला तरी हरकत नाही ना? आपलं वजन तर त्याच्यावर पडत नाही.

उत्तरधार

हरकत आहे, वाटसरू. ठिसूळ थर सलग असेल तर खालच्या सपाटीवर पडलेला तडा पळत वर जातो आणि वरची स्लॅब सोडवतो. तीव्र उताराखालून जाताना पायाखाली 'धप्प' असा खोल आवाज आला, आसपासचा बर्फ एक-दोन सेंटीमीटर खचल्यासारखा वाटला, तर थर कोसळलाय. निसर्गाने दिलेली याहून स्पष्ट सूचना नाही. तिथून मागे फिरायचं.

आता तो ठिसूळ थर येतो कुठून ते बघू, कारण 'ताजा बर्फ धोकादायक' एवढंच लोकांना माहीत असतं आणि खालचा जुना बर्फ कोणी पाहत नाही.

जमिनीलगतचा बर्फ हिवाळाभर शून्य अंशाच्या आसपास असतो. पृष्ठभाग निरभ्र रात्री उणे १२, उणे १५ पर्यंत जातो. समजा डिसेंबरात ५० सेंमीच बर्फ आहे आणि वरचं तापमान उणे १२. म्हणजे दर १० सेंमीला २.४ अंशांचा फरक. हा फरक १ अंशाच्या वर गेला की बर्फातली वाफ खालून वर सरकू लागते आणि कण टोकदार, पैलूदार होत जातात. एकमेकांना चिकटत नाहीत. हातात घेतले तर दाणेदार साखरेसारखे बोटांतून गळतात, चेंडू वळत नाही. तोच थर २ मीटर जाड असता तर दर १० सेंमीला फरक ०.६ अंश, आणि कण गोल होऊन एकमेकांना धरू लागले असते.

म्हणून उलटं वाटलं तरी खरं आहे: ज्या वर्षी डिसेंबरात बर्फ कमी पडतो आणि लांबलचक निरभ्र थंडी पडते, त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीतला पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारं बर्फाचं वादळ) जास्त घातक. साखरेच्या पायावर मीटरभर स्लॅब चढते. आणि ही साखर उत्तर व ईशान्य बाजूच्या, ऊन न लागणाऱ्या उतारांवर आठवडेच्या आठवडे टिकते. आकाश चार दिवस निळं आहे म्हणून ती सुधारत नाही.

दुसरा वाईट थर म्हणजे पृष्ठभागावरचं दहिवर. निरभ्र, वारा नसलेल्या दमट रात्री बर्फावर पिसांसारखे चमचमते स्फटिक उगवतात. दिसायला अतिशय सुंदर. त्यांच्यावर अलगद नवा बर्फ पडला की अर्ध्या सेंटीमीटरचा तो थर पुरला जातो आणि वरची स्लॅब काचेच्या उभ्या पिसांवर तोलून राहते.

वाऱ्याबद्दल: ताजा हलका बर्फ घनमीटरला १०० किलोच्या आसपास, म्हणजे ३० सेंमीचं वजन चौरस मीटरला ३० किलो. वाऱ्याने उडवून आडोशाला दाबलेला बर्फ ३०० किलोच्या घरात जातो. तेवढ्याच ३० सेंमीचं वजन ९० किलो. आकाशातून काहीही न पडता रात्रीत उतारावरचा भार तिप्पट होऊ शकतो. धारेवरून बर्फाचा धूर उडताना दिसला, तर तो जिकडे पडतोय तो उतार त्या दिवसापुरता विसरायचा.

गुलमर्गला हे सगळं एकत्र येतं. गुलमर्गच्या वरची अफरवटची धार जवळपास ३,९०० मीटरच्या वर, वारा बहुतांशी पश्चिमेकडून, आणि स्कीचे उतार ईशान्य-पूर्वेला. म्हणजे वाऱ्याचा आडोसा आणि सावली दोन्ही एकाच बाजूला. गोंडोलाच्या (केबल कारच्या) दुसऱ्या टप्प्याखालचा वाडग्यासारखा उतार स्की पेट्रोल (गस्तीचं पथक) सांभाळतं. दोरीच्या पलीकडे गेलात की तो रानउतार, तिथे कोणी धोक्याचा बर्फ आधीच मुद्दाम पाडून ठेवलेला नसतो. १ फेब्रुवारी २०२३ ला हापतखुडच्या उतारावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर दगावले, २२ फेब्रुवारी २०२४ ला खिलनमर्गच्या बाजूला एक रशियन स्कीअर.

हिमरेषा

उत्तरधारांच्या माहितीत खड्ड्याच्या चाचणीची भर घालतो. जागा: ज्या उताराने जायचंय त्याच दिशेचा, त्याच उंचीवरचा, पण लहान आणि खाली काही धोका नसलेला तुकडा. झाडाखाली किंवा पायवाटेवर खड्डा करू नका, तिथला थर वेगळा असतो.

१. प्रोबने (बर्फात खुपसायच्या लांब काठीने) खोली तपासा, मग सव्वा ते दीड मीटर खोल, दीड मीटर रुंद खणा. वरची भिंत फावड्याने सपाट, ओळंब्यात तासा.

२. भिंतीत वरून खाली हात घालत जा. मूठ सहज जाते का, चार बोटं, एक बोट, पेन्सिल, की फक्त सुरी? कडक थराखाली अचानक 'मूठ' लागली की ती जागा लक्षात ठेवा.

३. आता ९० सेंमी रुंद (उताराला आडवा) आणि ३० सेंमी खोल (वरच्या दिशेने) असा ठोकळा मागून व बाजूंनी मोकळा करा. मागचा काप गाठी मारलेल्या बारीक दोरीने करायचा, दोन कोपऱ्यांत प्रोब रोवून त्यांच्यामागून दोरी ओढायची.

४. ठोकळ्याच्या एका टोकावर फावड्याचं पातं ठेवा. मनगटातून १० थापा, कोपरातून १०, खांद्यातून १०. हात नुसता पडू द्या, जोर लावू नका.

कितव्या थापेला तडा गेला यापेक्षा तो ९० सेंमी आरपार गेला का, हे महत्त्वाचं. त्याच किंवा पुढच्याच थापेला दुसऱ्या टोकापर्यंत गेला, तर तडा उतारावरही पळणार. फावड्याखालीच थांबला तर बरं.

कामाच्या ओघात होणाऱ्या चुका: ठोकळा ९० ऐवजी ७० सेंमीचा राहतो, मागचा काप पूर्ण खाली जात नाही आणि खरी कमजोरी कापाच्या खाली राहून जाते. शिवाय ठिसूळ थर मीटरभराहून खोल असेल तर थापांचा जोर तिथवर पोचत नाही, तडा जात नाही, आणि लोक त्यालाच 'सुरक्षित' म्हणतात.

सगळं नीट केलं आणि तडा गेला नाही, तर उतार वापरायला हरकत नाही असं मी म्हणेन.

उत्तरधार

हिमरेषा, पद्धत अगदी बरोबर लिहिलीत, शेवटचं वाक्य मात्र मला मान्य नाही. खड्डा एका जागेचं सांगतो. त्याच उतारावर २० मीटर पलीकडे कातळ वर आलेला असतो, तिथे बर्फ ५० सेंमीच असतो आणि ठिसूळ थर पायाच्या टप्प्यात येतो. बहुतेक स्लॅब अशा पातळ जागेवरून सुटतात आणि जाड भागाला घेऊन खाली येतात. चाचणीत तडा पळाला तर 'नको' म्हणायचं. नाही पळाला तर त्यावरून 'हो' म्हणायचं नाही. 'हो' म्हणायला बाकीचं सगळं जुळायला हवं: २४ तासांत ३० सेंमीच्या वर नवा बर्फ नाही, वारा नाही, एकदम तापमान चढलेलं नाही, आसपास ताजी स्खलनं नाहीत, धप्प आवाज नाही.

हिमरेषा

पातळ जागेचा मुद्दा पटला. माझं वाक्य मागे घेतो.

वाटसरू_ठाणे

सरकारी इशारा कुठे मिळतो? आणि तंबू कुठे लावायचा हे कसं ठरवायचं?

टोपोनकाशा

इशारा डीजीआरई ही डीआरडीओची संस्था देते, म्हणजे पूर्वीची मनालीची सासे (हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था). ती १९६९ साली सुरू झाली आणि २०२० मध्ये डीआरडीओच्या आणखी एका प्रयोगशाळेत मिळवून डीजीआरई झाली, मुख्यालय चंदीगड. इशारा जिल्हावार आणि उंचीनुसार येतो. गुलमर्गसाठी बारामुल्ला पाहा, औलीसाठी चमोली, केदारकंठ्यासाठी उत्तरकाशी. पातळ्या १ ते ५. लोक ४ ला थांबतात आणि ३ ला निघतात, कारण पाचातलं ३ म्हणजे 'मधलं' वाटतं. पण ३ चा अर्थ माणसाच्या वजनाने स्लॅब सुटण्याची बरीच शक्यता. युरोपात जवळपास निम्मे मृत्यू ३ च्या दिवशी होतात. ३ असेल तर ३० अंशांच्या खाली राहा आणि वर तीव्र उतार नसलेली वाट घ्या, एवढा सोपा नियम पाळा.

तंबूसाठी: जागेवर उभं राहून होकायंत्रातल्या कोनमापकाने, बर्फ जिथून सुटू शकेल अशा सर्वांत वरच्या जागेकडे नजर लावा. मोठी हिमस्खलनं जिथवर पोचतात तिथून हा कोन साधारण १८ ते २५ अंश भरतो. १८च्या खाली आला तर जागा बरी. सुटण्याची जागा तुमच्यापेक्षा ६०० मीटर वर असेल, तर १८ अंशांसाठी आडवं अंतर सुमारे १,८५० मीटर हवं. एवढं लांब? हो. २८ फेब्रुवारी २०२५ ला माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेची वसाहत हिमस्खलनात सापडली, ५४ कामगारांपैकी ८ गेले. डोंगराच्या पायथ्याची सपाट जागा आपोआप सुरक्षित ठरत नाही. सपाटीवर मोडलेली, एकाच दिशेला आडवी पडलेली किंवा वरच्या बाजूच्या फांद्या नसलेली झाडं असतील, तर तिथवर बर्फ येऊन गेलाय.

केदारकंठ्याची नेहमीची वाट बरीचशी जंगल आणि धारेवरून जाते म्हणून हिवाळ्यात चालते. पण शेवटच्या चढावर धार सोडून शॉर्टकटने उघड्या उतारावर उतरलात, तर वाटेचा तो गुण संपला.

रानजाई

साधनांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. रानउतारावर जाणाऱ्या प्रत्येकाकडे तीन वस्तू हव्यात: ट्रान्सीव्हर (सिग्नल पाठवणारं आणि पुरलेल्याचा सिग्नल शोधणारं यंत्र), प्रोब, फावडं. गटात एक संच असून उपयोग नाही, ज्याच्याकडे आहे तोच पुरला गेला तर?

ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झचा, तीन अँटेनांचा. अंगावर आतल्या कपड्यावर पट्ट्याने बांधायचा, बॅगेत नाही, कारण बॅग निघून जाते. फोन, स्मार्ट घड्याळ, बॅटरीवर तापणारे हातमोजे पाठवताना किमान २० सेंमी आणि शोधताना ५० सेंमी लांब. बॅटरी अल्कलाइनच, उत्पादकाने परवानगी दिली नसेल तर चार्ज होणारी नाही: तिचा आकडा बराच वेळ १०० दाखवतो आणि मग एकदम गळतो. निघताना रोज एकाने पुढे उभं राहून प्रत्येकाचा सिग्नल तपासायचा, आधी पाठवणं, मग शोधणं.

प्रोब २४० सेंमी किंवा लांब. फावडं धातूचं. प्लास्टिकचं पातं थांबलेल्या बर्फात वाकतं, कारण थांबल्यावर तो बर्फ सिमेंटसारखा आवळतो.

वेळेचा हिशोब कठोर आहे. पूर्ण पुरलेल्यांपैकी १० मिनिटांत काढलेले दहातले नऊ वाचतात, अर्ध्या तासाला दहातले तीन. कोणतंही हेलिकॉप्टर १० मिनिटांत येत नाही. सॅटेलाइट फोन किंवा मेसेंजर भारतात परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं. म्हणजे वाचवणारे तुमच्या शेजारी उभे असलेलेच.

क्रम असा:

एकाने माणूस शेवटचा दिसला ती जागा डोळ्यांनी पकडून ठेवायची. वर आणखी बर्फ लटकतोय का बघायचं. सगळ्यांनी ट्रान्सीव्हर 'शोध'वर करायचे. इथेच सर्वांत जास्त वेळ वाया जातो: एकाचा 'पाठव'वर राहतो आणि बाकीचे त्याच्याच मागे धावतात.

शेवटच्या जागेपासून खाली, ४० मीटरच्या पट्ट्यांत वेगाने. सिग्नल मिळाला की यंत्रावरचा अंतराचा आकडा कमी होईल तसं. ३ मीटरच्या आत यंत्र बर्फाला जवळजवळ टेकवून, न फिरवता, सावकाश: आधी सरळ रेषेत, मग काटकोनात. सर्वांत लहान आकड्यावर प्रोब, उताराला काटकोनात. लागला नाही तर २५ सेंमी अंतराने चक्राकार. लागला की प्रोब उपसू नका.

खणायला सुरुवात प्रोबपासून नाही, त्याच्या उताराच्या खालच्या बाजूला, खोलीच्या साधारण दीडपट अंतरावर. एक मीटर खोल माणसासाठी टनभराहून जास्त बर्फ हलवावा लागतो. त्यामुळे एकामागे एक उभं राहून, पुढचा फोडणार, मागचे ढकलणार, आणि दर मिनिटाला पुढचा बदलणार. आधी तोंड आणि छाती मोकळी करायची. श्वास नसेल तर छाती दाबण्याआधी तोंडाने पाच श्वास, कारण मृत्यू बहुतेकदा गुदमरून होतो.

हेही लक्षात असू द्या की साधारण चौथाई मृत्यू मार लागून होतात, झाड, कातळ, कड्यावरून पडणं. तिथे ट्रान्सीव्हर काही करू शकत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा-२ वर (५,६७० मीटर) २९ जण दगावले, तेव्हा स्खलनाने बरेच जण खालच्या हिमभेगेत फेकले गेले. उताराच्या खाली काय आहे, हा प्रश्न उताराइतकाच महत्त्वाचा आहे.

वाटसरू_ठाणे

रानजाई ताई, मनापासून आभार. शेवटची शंका: आमचा गट मे महिन्यात रुपिन पास करतोय. तेव्हा थंडी नसते, मग साखरेचा थर वगैरे प्रश्न नाही ना?

उत्तरधार

मे महिन्यात प्रश्न वेगळा. तेव्हा बर्फ वरपासून खालपर्यंत शून्य अंशाला येतो आणि वितळलेलं पाणी कण सोडवतं. रात्री आकाश निरभ्र असेल तर वरचा भाग गोठून कडक कवच होतो आणि सकाळी तोच तुम्हाला धरून ठेवतो. रात्रभर ढग असतील तर तापमान शून्याच्या खाली गेलं तरी कवच नीट बनत नाही, म्हणून पहाटे तंबूतून डोकं बाहेर काढून चांदण्या दिसतात का ते बघा. नसतील तर त्या दिवशी खिंडीची घाई नको.

रुपिनची शेवटची घळ (पास ४,६५० मीटर) म्हणजे वर कातळातल्या नाळांचं तोंड, म्हणजे कातळवाट यांनी सुरुवातीला लिहिलेलीच गोष्ट. ऊन घळीच्या वरच्या कातळांवर पोचण्याआधी तुम्ही खिंडीवर हवेत, म्हणून कॅम्प अंधारात सोडायचा. वाटेत बूट घोट्यापेक्षा खोल जायला लागला, उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप गडगडत खाली यायला लागले किंवा दगड सुटायला लागले, तर वेळ संपली. घळीत एकेकाने, मध्ये अंतर ठेवून चालायचं, आणि फोटोसाठी, पाण्यासाठी किंवा मागच्यांची वाट पाहण्यासाठी घळीच्या मध्यावर थांबायचं नाही. थांबायचं ते वर, खिंडीच्या कडेला कातळाच्या आडोशाला.